जुन्या ब्रिटिश कुस्तीच्या लढतीचं परीक्षण कसं लिहावं: फेरी धरून पाहण्याची रीत

ब्रिटनमध्ये आयटीव्ही या खासगी दूरचित्रवाहिनीवर व्यावसायिक कुस्ती पहिल्यांदा दिसली ती ९ नोव्हेंबर १९५५ रोजी, आणि डिसेंबर १९८८ मध्ये ती पडद्यावरून गेली. त्यातली २० वर्षं, १९६५ ते १९८५, 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' या शनिवारच्या कार्यक्रमात दुपारी ४ च्या सुमारास, फुटबॉलचे निकाल सांगण्याच्या आधी ती लागायची. मिक मॅकमॅनस, जॅकी पॅलो, केंडो नागासाकी, जॉनी सेंट, बिग डॅडी ही नावं तिथे घराघरांत पोचली ती या एका तासामुळे. आता त्यातल्या बऱ्याच लढती ऑनलाइन पाहायला मिळतात. त्यांवर लिहिलं जातं तेव्हा मात्र 'तंत्र चांगलं, पण लढत संथ' एवढ्यावरच सगळं आटोपतं. हा त्या मल्लांवर अन्याय आहे. अमेरिकी कुस्तीची लय कानात भरलेली असते आणि त्याच तालावर ही लढत मोजली जाते.

ब्रिटिश लढत फेऱ्यांमध्ये घडते. एका फेरीत जे पेरलं जातं ते पुढच्या फेरीत उगवतं. म्हणून परीक्षणाचं एकक म्हणजे फेरी. कोणत्या फेरीत काय झालं हे ज्या परीक्षणात नाही, त्यात लढतच आलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढची सगळी रीत याच पायावर उभी आहे.

आधी नियम पाठ करा

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'ऑल-इन' नावानं चालणारी कुस्ती इतकी बदनाम झाली की लंडन काउंटी कौन्सिलनं तिच्यावर बंदी घातली. महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, नवी नियमावली तयार झाली. ती करणाऱ्या समितीवर ॲडमिरल लॉर्ड माउंटइव्हान्स होते, कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत गेलेले तेच एडवर्ड इव्हान्स. त्यांच्या नावानं ओळखले जाणारे हे नियम म्हणजे या कुस्तीचं व्याकरण.

फेरी साधारण ५ मिनिटांची, दोन फेऱ्यांच्या मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. साध्या लढतीला बहुधा ६ किंवा ८ फेऱ्या, विजेतेपदाच्या लढतीला १२ किंवा १५. तीनपैकी दोन गुण जो आधी मिळवेल तो जिंकला. गुण दोन प्रकारे मिळतो: खांदे टेकवून पंचानं तीन मोजले तर चितपट, किंवा पकडीत अडकलेल्यानं हार कबूल केली तर शरणागती. दहा मोजेपर्यंत उठता आलं नाही तर नॉकआउट, आणि मग आधीचे गुण कितीही असोत, लढत तिथेच संपते. गुण पडला की ती फेरीही संपते, त्यामुळे प्रत्येक फेरी पूर्ण ५ मिनिटांची असेल असं धरून चालू नका. फेऱ्या संपल्या आणि गुण सारखे राहिले तर बरोबरी.

आपल्या मातीतल्या कुस्तीची सवय असलेल्या वाचकानं एक फरक पक्का लक्षात ठेवावा. आपल्याकडे पाठ लागली की निकाल लागला. तिथे खांदे टेकले तरी तीनपर्यंत वेळ असतो, आणि एकदा चितपट झालेला मल्ल पुढच्या फेरीत पुन्हा उभा राहतो. सगळी कथा या फटीतून आत येते.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम म्हणजे खाली पडलेल्यावर चाल करायची नाही. प्रतिस्पर्धी पडला आणि पकड सुटलेली असली, तर उभ्या मल्लानं मागे सरायचं आणि पंचानं मोजायचं. पडलेला आठ-नऊपर्यंत आरामात श्वास घेऊ शकतो. बंद मुठीचा ठोसा चालत नाही, म्हणून कोपर ते मनगट या भागानं मारलेला फोरआर्म स्मॅश एवढा दिसतो. नियम मोडला तर आधी तोंडी समज, मग जाहीर ताकीद. दोन जाहीर ताकिदी मिळालेल्यानं पुन्हा तेच केलं की तो बाद.

खलनायकाची सगळी कला या नियमाच्या काठावर चालते. मॅकमॅनसच्या लढती पाहताना पंच कुठे उभा आहे ते सतत पाहा. पंचाची पाठ वळते त्या दीड सेकंदात तो काय करतो, त्यावर लढतीचा रंग ठरतो. खुर्च्या, टेबलं फोडायची गरजच पडत नाही. पडलेल्याच्या दंडावर टाकलेला एक गुडघा सगळं सभागृह उठवतो. ताकिदी टिपल्याशिवाय मॅकमॅनसचं परीक्षण लिहू नये. पहिली ताकीद लवकर घेऊन तो गैरवर्तनाची मर्यादा ठरवतो, दुसरी मिळाल्यावर एकदम सभ्य होतो, आणि तो पुन्हा कधी घसरणार याची वाट प्रेक्षक बघत बसतात. ही गंमत फक्त हिशेब ठेवणाऱ्यालाच दिसते.

वजनी गटही समजून घ्या. लाइटवेटची मर्यादा ११ स्टोन, म्हणजे सुमारे ७० किलो. पुढे ११-११ पौंडांनी वेल्टर, मिडल, हेवी-मिडल, लाइट-हेवी आणि मिड-हेवी हे गट चढत जातात, म्हणजे दर गटाला जवळपास ५ किलो. त्यावरचे हेवीवेट. वजनात मोठा फरक असलेली लढत 'कॅचवेट' म्हणून पुकारली जाते, आणि तिथे हलका मल्ल किती काळ टिकला हेच परीक्षणाचं मुख्य सूत्र होऊ शकतं.

लढत निवडताना

१९५० आणि ६० च्या दशकांतल्या प्रक्षेपणांपैकी फारच थोडं शिल्लक आहे. मॅकमॅनस आणि पॅलो यांची १९६३ सालची, फुटबॉलच्या एफए कप अंतिम सामन्याच्या दिवशीची लढत दंतकथेसारखी सांगितली जाते. पण त्या काळाचं मूल्यमापन करताना छायाचित्रं, कार्यक्रमपत्रिका आणि वर्तमानपत्रांतली वर्णनं यांवरच बरंचसं अवलंबून राहावं लागतं. मुबलक साहित्य आहे ते १९७० आणि ८० च्या दशकांचं. सुरुवात तिथूनच करा.

तारखेबाबत काटेकोर राहा. लढती आठवड्यात कधीतरी एखाद्या सभागृहात चित्रित व्हायच्या आणि नंतरच्या शनिवारी दाखवल्या जायच्या. एकाच रात्री चित्रित झालेल्या लढती वेगवेगळ्या आठवड्यांत विभागून लागायच्या. चित्रफितीच्या नावात दिलेली तारीख बहुधा प्रक्षेपणाची असते. चित्रीकरण आणि प्रक्षेपण अशा दोन्ही तारखा मिळाल्या तर दोन्ही द्या. एकच मिळाली तर ती कोणती ते लिहा. सभागृहाचं नावही हवंच. क्रॉयडनचं फेअरफिल्ड हॉल्स आणि वुल्व्हरहॅम्प्टनचं सिव्हिक हॉल यांतले प्रेक्षक वेगळे आहेत, आणि कानाला ते कळतं.

चित्रफीत पूर्ण आहे का, हेही तपासा. काही ठिकाणी मधल्या फेऱ्या कापलेल्या असतात. समालोचक 'चौथी फेरी' म्हणतो आणि तुम्ही दोनच पाहिल्या असतील, तर परीक्षणात ते सांगितलंच पाहिजे. कापलेल्या लढतीला 'घाईची' म्हणणं चूक आहे.

तीन वेळा पाहायचं, तीन वेगळ्या कामांसाठी

पहिल्यांदा हातात पेन नको. मोबाइल बाजूला ठेवा आणि थेट पाहा. कुठे तुम्ही पुढे सरसावलात आणि कुठे लक्ष उडालं, एवढंच लक्षात ठेवा. ही पहिली छाप पुन्हा मिळत नाही, आणि परीक्षणाचा जीव तिच्यातच असतो.

दुसऱ्यांदा वही घेऊन बसा. दर फेरीला एक वेगळं पान, किंवा निदान वेगळा चौकोन. त्यात चारच गोष्टी: फेरीत वरचढ कोण, कोणत्या अवयवावर काम झालं, ताकीद किंवा गुण पडला का, आणि फेरी कशी संपली. घंटा वाजली तेव्हा कोण पकडीत अडकलेला होता हे आवर्जून टिपा. घंटेनं वाचलेला मल्ल पुढच्या फेरीत सावध होऊन येतो की तसाच, यावरून दोघांनी लढत किती विचारानं रचली आहे ते समजतं.

तिसऱ्यांदा सगळी लढत पाहायची गरज नाही. जी फेरी तुम्हाला कळीची वाटली तेवढीच पुन्हा पाहा, आणि या वेळी लक्ष हातांकडे ठेवा. पकड लावणाऱ्याचे हात, सोडवणाऱ्याचे पाय, वजन कुठे गेलंय.

पकडी वाचणं

या कुस्तीचं मूळ इंग्लंडमधल्या लँकेशरच्या 'कॅच-ॲज-कॅच-कॅन', म्हणजे जमेल तशी पकड घ्यायच्या, प्रकारात आहे. विगन गावात बिली रायलीची तालीम होती, 'स्नेक पिट' म्हणून ती ओळखली जाई. बिली रॉबिन्सन तिथेच घडला. कार्ल गॉच तिथे शिकला आणि पुढे जपानमध्ये त्याला कुस्तीचा देव मानलं गेलं. लढतींचा निकाल आधी ठरलेला असे. जॅकी पॅलोनं १९८५ च्या आत्मचरित्रात ते उघडपणे लिहिलं. पण पकडी खऱ्या तालमीतून आलेल्या होत्या. निकाल ठरलेला आहे म्हणून डाव लुटुपुटूचे होत नाहीत, आणि परीक्षकाला हा भेद करता आला पाहिजे.

कोल्हापूर-सांगलीच्या मैदानांत कुस्ती पाहत वाढलेल्या माणसाकडे इथे आयती नजर आहे. पट कसा काढला, वजन कसं टाकलं, खालचा मल्ल कंबर कशी उचलतो, हे त्याला सांगावं लागत नाही. सांधा पिरगाळून शरणागती घ्यायची रीत मात्र नवी वाटेल. तिच्यासाठी तीन प्रश्न विचारत जा.

पकड खरंच धरलेली दिसते का? चांगला मल्ल पकड लावून थांबत नाही. तो मनगट आणखी आत घेतो, आपलं वजन टाकतो, समोरच्यानं हालचाल केली की पकड दुरुस्त करतो. पकडीत दोघंही काम करत असतील तर ती विश्रांती नव्हे.

सुटका त्या पकडीचं उत्तर आहे का? मनगट पिरगाळलं असेल तर त्याच दिशेनं कोलांटी घेऊन पीळ उलगडायचा, उठायचं आणि तेच मनगट उलट धरायचं. ही साखळी ब्रिटिश शैलीचा आत्मा आहे. जॉनी सेंटच्या लढती यासाठी अभ्यासाव्यात. डंडीच्या जॉर्ज किडनं लाइटवेट गट गाजवला आणि त्याच्या निवृत्तीनंतर, १९७६ मध्ये, सेंट जागतिक लाइटवेट विजेता झाला. हातपाय आत ओढून तो मैदानाच्या मध्यभागी गोळा होऊन बसतो आणि समोरच्याला धरायला काहीच सापडत नाही. प्रेक्षक हसतात. त्या हसण्यामागे एक खरा प्रश्न असतो: जिथे टोकच नाही तिथे पकड लावायची कुठे? परीक्षणात या क्षणाला 'विनोदी' म्हणून सोडून देऊ नका. प्रतिस्पर्धी चिडला, गोंधळला की विचारात पडला, ते लिहा.

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. पहिल्या फेरीत दुखावलेला हात चौथ्या फेरीत दुखतो का? ब्रॅडफर्डचा जिम ब्रेक्स यासाठी आदर्श. प्रतिस्पर्ध्याचा हात पिळून, त्या हातावरच त्याला जमिनीवरून उचलायचा डाव त्याच्या नावानं, 'ब्रेक्स स्पेशल' म्हणून, प्रसिद्ध होता. तिथे पोचण्यासाठी तो फेऱ्याच्या फेऱ्या त्याच हाताची तयारी करतो. अधूनमधून हट्टी मुलासारखा पाय आपटतो, पंचाशी भांडतो, आणि प्रेक्षक त्याला चिडवून हैराण करतात. पण रडारड बाजूला काढली तर खाली अतिशय शिस्तीचा मल्ल सापडतो. सेंट आणि ब्रेक्स समोरासमोर असतील तर ती लढत नवशिक्या परीक्षकासाठी पाठ्यपुस्तकच आहे: एकाचं काम हात मोडायचं, दुसऱ्याचं काम हात सापडूच द्यायचा नाही.

पकडींची नावं आपल्या मनानं देऊ नका. समालोचक केंट वॉल्टन १९५५ पासून १९८८ पर्यंत या कुस्तीचा आवाज होता, आणि 'फोल्डिंग प्रेस' (समोरच्याला दुमडून खांदे टेकवणं), 'क्रॉस प्रेस' (त्याच्यावर आडवं पडून खांदे दाबणं), 'बॉस्टन क्रॅब' (पालथ्या मल्लाचे पाय मागे ओढणं) ही त्याचीच नावं वापरावीत. मराठीत एकदा वर्णन करावं, पुढे नाव पुरतं. वॉल्टन आरडाओरडा करत नाही. खेळाचं वार्तांकन करावं तशा शांत, जवळिकीच्या स्वरात बोलतो, म्हणून तो जेव्हा आवाज चढवतो तेव्हा टिपण ठेवा.

सभागृहाकडेही कान द्या. सुंदर सुटकेला इथे टाळ्या पडतात, दोन्ही मल्लांना. पुढच्या रांगांत वयस्क बायका बसलेल्या असतात आणि खलनायक दोरांजवळ आला की त्यांच्या हातातली पर्स चालते. प्रेक्षक गप्प असतील तर ते कंटाळलेत की पकड बघतायत, हे ओळखायला शिका.

ज्या लढती या मापात बसत नाहीत

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शर्ली क्रॅबट्री, म्हणजे बिग डॅडी, सगळ्यांत मोठा तारा झाला. कार्यक्रम आखणारा मॅक्स क्रॅबट्री त्याचाच भाऊ. डॅडीच्या जोडी-लढतींचा साचा ठरलेला: हलका, तरुण जोडीदार मार खातो, शेवटी डॅडी आत येतो, पोटाच्या धडकेनं सगळ्यांना लोळवतो, सभागृह 'ईझी, ईझी' ओरडतं. १८ जून १९८१ ची वेम्बली अरेनामधली डॅडी आणि जायंट हेस्टॅक्सची लढत तीन मिनिटांच्या आत नॉकआउटनं संपली.

इथे फेरीचं माप लावून 'तंत्र शून्य' लिहिणं सोपं आहे, आणि निरुपयोगी. वेम्बलीची लढत ही सोहळा म्हणून पाहावी: प्रवेश, गर्दी, दोघे एकेकाळचे जोडीदार, उभं राहिलेलं वैर. जोडी-लढतींत तर माझी नजर डॅडीवर नसतेच, जोडीदारावर असते. डायनामाइट किड, डेव्ही बॉय स्मिथ, सॅमी ली नावानं आलेला सातोरु सायामा, असे मल्ल त्या जागेवर उभे राहिले. मार खाण्याची पाच मिनिटं त्यांनी किती जिवंत केली, हे लिहिण्यासारखं आहे. हाच सायामा १९८१ मध्ये जपानला परतून टायगर मास्क या मुखवटेधारी पात्राच्या रूपातला पहिला मल्ल झाला आणि त्याचा पहिला प्रतिस्पर्धी होता डायनामाइट किड. ब्रिटिश मल्ल मार्क रोकोही पुढे ब्लॅक टायगर नावाचा मुखवटेधारी होऊन तिकडे पोचला. रोको आणि मार्टी जोन्स यांच्या लढती पाहिल्या की तो वेग कुठून आला ते कळतं. 'ब्रिटिश कुस्ती संथ' म्हणणाऱ्याला मी त्याच दाखवतो.

केंडो नागासाकीसाठीही वेगळी नजर लागते. तो बोलत नाही, मुखवटा घालतो, त्याच्या वतीनं व्यवस्थापक बोलतो. डिसेंबर १९७७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला त्यानं स्वतःच्या मर्जीनं, विधीपूर्वक मुखवटा उतरवला. त्याआधीच्या लढतींत प्रतिस्पर्ध्याचा हात मुखवट्याकडे गेला की सभागृहाचा श्वास अडकतो, आणि तो क्षण गुणाइतकाच महत्त्वाचा धरून नोंदवावा.

जपून लिहायच्या गोष्टी

ऑगस्ट १९८७ मध्ये ग्रेट यारमथला डॅडीविरुद्धच्या लढतीत मॅल 'किंग काँग' कर्क कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. त्याला हृदयविकार असल्याचं नंतर निष्पन्न झालं. कर्कच्या जुन्या लढतींवर लिहिताना त्या मृत्यूला मसाला करू नका. आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई मल्लांना दिलेल्या भूमिका आज पाहताना खटकतात, कधी समालोचनातले शब्दही. ते झाकू नका, आणि तेवढंच लिहून त्या मल्लाची कुस्ती गिळूनही टाकू नका. आपल्याशी जोडलेला धागा इथे आहे: १९१० मध्ये गामा लंडनला गेला आणि पोलिश मल्ल झ्बिश्कोशी भिडला, तर १९५० च्या दशकात दारा सिंग ब्रिटनच्या रिंगणांत लढला. मुंबईतल्या ज्या पिढीनं त्याला पुढे किंग काँग नावाच्या दुसऱ्या, हंगेरियन मल्लाशी लढताना पाहिलं, तिच्या घरांत हे नाव अजून निघतं. नावसाधर्म्यामुळे कर्क आणि तो यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका.

कागदावर उतरवताना

सुरुवातीला नोंदीची ओळ, न सजवता: दोघांची नावं, गट किंवा कॅचवेट, ठरलेल्या फेऱ्या, सभागृह, तारीख, पंच. मग गुण फेरीसह. उदाहरणार्थ, समजा, 'पहिला गुण दुसऱ्या मल्लाला, तिसऱ्या फेरीत, शरणागती. बरोबरी पाचव्या फेरीत, फोल्डिंग प्रेस. निर्णायक गुण सातव्या फेरीत. ताकिदी: दुसऱ्या मल्लाला दोन.' निकाल आधी कळल्यानं ज्याचा रसभंग होतो अशा वाचकासाठी ही ओळ शेवटी टाकली तरी चालेल, पण ती हवीच.

नंतरचं लिखाण फेरीच्या क्रमानं, मात्र सगळ्या फेऱ्यांना सारखी जागा देऊ नका. चाचपणीच्या पहिल्या फेरीला दोन वाक्यं पुरे. जिथे लढत वळली त्या फेरीला अख्खा परिच्छेद द्या. प्रत्येक डाव लिहायचा मोह आवरा. वाचकाला डाव मोजायचे नसतात, लढत वळली कशी हे हवं असतं.

दुखापत झालेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा विजय नाकारून लढत निकालाविना सोडणारा सज्जन मल्ल तुम्हाला वारंवार भेटेल. हा साचा आहे, पण नीट केला तर प्रभावी आहे. दुखापत आधीच्या फेरीत पेरली होती का, एवढं पाहून मत द्या.

तारे द्यायचे असतील तर अगदी शेवटी, आणि त्याच गटातल्या, त्याच काळातल्या लढतींशी तुलना करून. १९८७ पासून आयटीव्हीचा वेळ जॉइंट प्रमोशन्स आणि ऑल स्टार या ब्रिटिश आयोजक संस्था आणि अमेरिकी डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) यांत वाटला गेला. त्या वर्षांतल्या लढतींना १९७५ च्या शेजारी ठेवून तारे देणं मला पटत नाही. स्वतः मी तारे देत नाही. त्याऐवजी 'या लढतीतली कोणती फेरी पुन्हा पाहावी' ते सांगतो, वेळेसकट.

सरावाला पहिल्यांदा सेंट आणि ब्रेक्सची एखादी विजेतेपदाची लढत घ्या, मग रोको आणि जोन्स, मग मॅकमॅनसची कुठलीही साधी सहा फेऱ्यांची लढत. मुखवटेवाला आणि डॅडी त्यानंतर. मॅकमॅनसच्या वेळी वहीत एक जास्तीचा रकाना आखून ठेवा, पंच कुठे बघत होता त्यासाठी.